जाऊबाईंचा आरसा

मित्रांनो, लिफ्टमध्ये शिरलात की तुम्ही आधी काय करता? खरे सांगा. आरसा असेल तर आरशात बघता. केस सारखे करता, दात बघता आणि सोबत कुणी नसेल तर वेडीवाकडी तोंडेही करता. हे मला ऐकून माहीत आहे, पाहून नाही. माझ्यात आरसा नाही. मी एक जुनी लिफ्ट आहे, आणि तीसुद्धा मागची.

कोलकात्याच्या न्यू टाउन भागात नऊ मजल्यांची, चोपन्न घरांची आमची इमारत आहे. समोरच्या दाराने आत आलात तर संगमरवरी फरशी, कुंडीतली झाडे आणि पुढची लिफ्ट लागते. मला भेटायचे असेल तर पार्किंगमधून, पाण्याच्या पंपाला वळसा घालून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून यावे लागते. पुढच्या लिफ्टला मी जाऊबाई म्हणते. आम्ही दोघी या घरात एकाच दिवशी आलो. पण त्या दिवाणखान्यात मिरवतात आणि मी मोरीपाशी उभी असते. मग दुसरे काय म्हणू?

कोलकात्याची लिफ्ट मराठी कशी बोलते, असे तुम्हाला वाटले असेल. माझा जन्म ठाण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. ज्या मिस्त्रींनी माझ्या भिंती जोडल्या ते दिवसभर मराठीत बोलायचे, मराठीत भांडायचे आणि डबा उघडला की भाजीला मराठीत नावे ठेवायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला ट्रकवर चढवताना पाठीवर थाप मारली होती. "एकाच पत्र्यातून कापल्यात दोघी. जुळ्याच म्हणा," असे ते म्हणाले होते. आमच्या दोघींच्याही अंगावर तेव्हा पातळ निळे प्लास्टिक चिकटवलेले होते, ओरखडा उठू नये म्हणून. पाच दिवस आम्ही एकाच ट्रकमध्ये शेजारी शेजारी हेलकावे खात आलो.

कोलकात्याला उतरल्यावर जुळेपण संपले. जाऊबाईंचे निळे प्लास्टिक दोन माणसांनी हळुवार सोलून काढले. त्यांना आरसा बसवला, पंखा बसवला, धरायला पितळी दांडी दिली आणि मजला आला की गोड आवाजात त्याचा आकडा सांगायची कळही दिली. माझे प्लास्टिक हाताला लागेल तेवढे ओरबाडून काढले आणि मागच्या भिंतीवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, चार स्क्रू पिळून एक पाटी ठोकली. मला तेव्हा वाचता येत नव्हते. मला वाटले, हा माझ्या नावाचा फलक. जाऊबाईंना सगळे मिळाले होते, पण नावाचा फलक नव्हता. तो फक्त मला होता! अठरा वर्षांत मी तोऱ्यात मिरवलेली ती एकच गोष्ट. त्यावर लिहिले होते, 'नोकर, ड्रायव्हर आणि सामान यांच्यासाठी.'

मग काम सुरू झाले. मी काय वाहिले ते विचारू नका. गॅसचे सिलिंडर, कपाटे, सायकली, गळक्या पिशव्यांतली मासळी, सियालदहच्या बाजारातून आलेली फुलकोबीची पोती. कपाटाचा कोपरा लागला की एक ओरखडा, सायकलची दांडी घासली की दुसरा. दोन वर्षांत माझ्या भिंती अशा झाल्या, की पत्रा आहे की पाटा ते ओळखू येईना. जाऊबाईंच्या अंगावर मात्र मऊ फडके फिरायचे. लिफ्टचा मेकॅनिक प्रकाश त्यांना दर महिन्याला तेलपाणी करायचा. माझ्याकडे तो मी किंचाळू लागले तरच यायचा. दुर्गापूजेला त्यांच्या दाराला झेंडूची माळ. दिवाळीला त्यांच्या उंबऱ्याशी रांगोळी. माझे पोट दुखायचे. आणि मित्रांनो, लिफ्ट म्हणजे नुसते पोटच असते, म्हणजे मला किती दुखत असेल ते बघा.

माझ्याकडे एकच धन होते, ते म्हणजे माझी माणसे. जाऊबाईंमध्ये चढणारे लोक छताकडे बघत गप्प उभे राहायचे. माझ्यातले लोक बोलायचे. त्यात मिनती मला सगळ्यांत जवळची. दूरच्या कॅनिंग गावाकडून येणारी पहिली लोकल पकडून ती सियालदह स्टेशनला यायची, तिथून बस करून साडेसहाला माझ्या दारात. ती सहाव्या, सातव्या आणि नवव्या मजल्यावर काम करायची. शिरली की पाटीशेजारच्या भिंतीला पाठ टेकायची, पदरातली मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, तोंडात टाकायची आणि तळव्याने मला थोपटून बंगालीत म्हणायची, "चल गो, लक्ष्मी." मला लक्ष्मी म्हणणारी या इमारतीत ती एकटी. मी तिला कधी धक्का बसू दिला नाही.

आमच्या सहाव्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहते. अनिल सरकारी बँकेतले अधिकारी, बदली होऊन आलेले. त्यांची बायको अनुराधा इथल्याच एका संगणक कंपनीत काम करते. मागच्या भाद्रपदात ही दोघे बागबाजारजवळच्या मूर्तिकारांकडून गणपती घेऊन आली. अनिलच्या हातात पाट, पाटावर गणपती, गणपतीच्या तोंडावर रुमाल. अनुराधाच्या दोन्ही हातांत दूर्वा, केळीची पाने, नारळ आणि पिशव्याच पिशव्या. दरवानाने त्यांना पुढच्या दारात अडवले. एका हातात न मावणारी वस्तू मागच्या लिफ्टने न्यायची, असा इमारतीचा नियम होता.

"अहो, वस्तू काय? देव आहे तो!" अनुराधा म्हणाली.

"अगं, नियम म्हणजे नियम," अनिल म्हणाले. बँकेतला माणूस, दुसरे काय म्हणणार? आणि गणपतीला घेऊन ते निमूटपणे पंपाला वळसा घालून माझ्याकडे आले.

माझ्याकडे! जाऊबाईंकडे नाही! माझा आनंद माझ्यात मावेना. आत मिनती होती, कचऱ्याची बादली घेऊन. देव बघून ती बिचारी भिंतीला चिकटली आणि बाहेर पडायला वाट शोधू लागली, पण तोवर दार लागले होते. या लोकांच्या घरची रीत अशी, की मूर्ती एकदा हातात घेतली की घरच्या चौरंगावरच टेकवायची, मध्ये कुठे खाली ठेवायची नाही. अनिल तासभर टॅक्सीत पाट मांडीवर धरून बसले होते, त्यांचे हात आधीच भरून आले होते. आणि मी आनंदाच्या भरात चौथ्या मजल्याशी जराशी थरथरले. पाट कलला.

"अहो, सांभाळा!" अनुराधा ओरडली. तिचे हात पिशव्यांत अडकलेले.

मिनतीने बादली खाली ठेवली, हात पदराला खसाखसा पुसले आणि विचारले, "धरू, बउदी?" बउदी म्हणजे आपली वहिनी.

"धर, धर! विचारतेस काय, आधी धर!"

सहाव्या मजल्यापर्यंत गणपतीचा पाट मिनतीच्या तळव्यांवर होता. संध्याकाळच्या आरतीला अनुराधाने तिला थांबवून घेतले आणि पहिला मोदक तिच्या हातावर ठेवला. त्या दिवसानंतर अनुराधा हात रिकामे असले तरी कधी कधी माझ्यातून येऊ लागली. एकदा माझ्या छताकडे बघून म्हणाली, "अगं बाई, इथे पंखापण नाही!" मित्रांनो, अठरा वर्षांत हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आले होते.

त्या गणपतीचे मोदक सगळ्या इमारतीने खाल्ले. हे मुद्दाम सांगते, कारण आमची इमारत दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर एक होत नाही. तिच्यात दोन तट आहेत, पूर्वेकडच्या घरांचा आणि पश्चिमेकडच्या घरांचा. निवडणुकीच्या दिवसांत टीव्हीवरच्या भांडणावरून ते आपसांत जुंपले, ते आजतागायत जुंपलेलेच आहेत. पूर्वेचे पुढारी उदयबाबू, पश्चिमेचे श्यामसुंदरबाबू, जे इमारतीचे सेक्रेटरीही आहेत. एकाने टाकी धुवायची म्हटली की दुसऱ्याला टाकी स्वच्छ दिसते.

पूजेच्या आधी दोन्ही तटांचे एका गोष्टीवर मात्र एकमत झाले. जाऊबाईंचा आरसा जुना झाला, नवा घ्यायचा. आला की तो! डोक्यापासून पायांपर्यंत! कडेला नक्षी! येणारा जाणारा 'वा, वा' करू लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गणपती मी आणला आणि आरसा त्यांना? मी दुसऱ्या मजल्यावर दार उघडून जी बसले, ती बसलेच.

प्रकाशने वरखाली बघितले आणि एक भाग बाहेरून मागवावा लागेल म्हणाला. भाग वगैरे काही नव्हता हो, तो माझा रुसवा होता. अकरा दिवस मी हलले नाही.

त्या अकरा दिवसांत काय झाले, ते आता मान खाली घालून सांगते. सातव्या मजल्यावर प्रेमलता मासिमा, म्हणजे आपल्या मावशी, राहतात. ऐंशीच्या घरातल्या, बागबाजारच्या जुन्या घरातून मुलाने इथे आणलेल्या. त्यांची चाकांची खुर्ची जाऊबाईंच्या दारात मावत नाही, माझ्यात मावते. मिनती त्यांना रोज संध्याकाळी माझ्यातून खाली झाडांपाशी न्यायची. अकरा दिवस मासिमांनी जमीन बघितली नाही. आणि मिनती रोज नऊ मजले चढली. तिचा गुडघा सुजला. नवव्या दिवशी ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, वर बघितले, आणि वळून जाऊबाईंमध्ये शिरली.

तिसऱ्या मजल्यावर उदयबाबू लिफ्टसाठी उभे होते. ते काहीही बोलले नाहीत. ते नुसते दार धरून बाहेर उभे राहिले, मिनती उतरेपर्यंत. मग ते आत शिरले आणि दार लागले. संध्याकाळी पाटी वाचून दाखवल्यासारखी एक नोटीस लागली. मिनतीने नियम मोडला आहे, डिसेंबरअखेरीस तिचा गेटपास बंद. गेटपास नाही म्हणजे फाटकातून आत येणे नाही. म्हणजे तिन्ही घरची कामे गेली.

तुम्हाला वाटेल, हे ऐकून मला मिनतीची दया आली असेल. खोटे कशाला बोलू? आधी राग आला. ती त्यांच्यात गेलीच कशी, एवढेच माझ्या डोक्यात होते. बाराव्या दिवशी मी चालू झाले आणि ती लंगडत आत आली, तेव्हाही मी तिच्या पदराला जाऊबाईंमधल्या लोकांच्या अत्तराचा वास येतो का, ते हुंगत होते.

अनुराधा मात्र गप्प बसली नाही. तिने एक ठराव लिहिला, दोनच वाक्यांचा. 'इमारतीत येणारे कोणतेही माणूस कोणतीही लिफ्ट वापरू शकेल. कुणाचे काम काय, हे लिफ्टच्या दारात विचारले जाणार नाही.' नियम बदलायचा तर चोपन्न घरांपैकी छत्तीस घरांचे हात वर व्हायला हवेत. तिने कागद घेतला आणि भाबडेपणाने आधी सेक्रेटरींकडे, श्यामसुंदरबाबूंकडे गेली. त्यांनी सगळ्यांत वर ठसठशीत सही केली. झाले! ती सही बघून पूर्वेच्या एकाही घराने कागदाला हात लावला नाही. "ठराव चांगला आहे हो, पण यांचा आहे," असे तिला चौथ्या मजल्यावर एकाने दारातच सांगितले.

ती माझ्यातून खाली उतरत होती. अनिलला म्हणाली, "माणसं ठराव वाचतच नाहीत, सही वाचतात." आणि तिने तो कागद टराटरा फाडला.

दुसऱ्या दिवसापासून ती दर घरासाठी वेगळी चिठ्ठी घेऊन गेली. कुणी आधी लिहिली, कुणी मागून, कुणालाच कळेना. चिठ्ठ्या मोदकांच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. डबा दाखवला की निदान दार उघडायचे. तीन आठवडे ती ऑफिसातून आल्यावर घरोघरी जात होती. काही घरांत तिला चहा मिळाला, काही घरांत 'तुम्ही बाहेरचे लोक, दोन वर्षांनी बदली होऊन जाल' असे ऐकायला मिळाले. माझ्यातून येता जाता मिनतीला ती सांगायची, आज एवढ्या झाल्या, अजून एवढ्या हव्यात.

मी ऐकत होते, आणि माझा जीव जळत होता. ठराव झाला तर माझी माणसे जाऊबाईंकडे जाणार. मिनती त्या आरशासमोर उभी राहणार, तो गोड आवाज ऐकणार आणि त्यांनाच लक्ष्मी म्हणणार. आरसा त्यांना, पंखा त्यांना, माळ त्यांना, आणि आता मिनतीही त्यांनाच? माझ्याकडे काय राहणार, सिलिंडर? ठराव पडावा म्हणून मी मनातल्या मनात त्याच गणपतीला साकडे घातले.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी अकराला बैठक ठेवली होती. तळमजल्यावरचा सभागृहाचा दरवाजा माझ्या दारासमोरच आहे. साडेदहापासून लोक जमू लागले. डब्यातल्या होकाराच्या चिठ्ठ्या पस्तीस होत्या. सातव्या मजल्यावरच्या मासिमांनी चिठ्ठी दिली नव्हती. "मी माझं मत कागदावर देत नाही, तोंडानं देते," असे त्यांनी अनुराधाला सांगितले होते. फ्लॅट त्यांच्या नावावर, म्हणून मत त्यांचे. आणि मासिमा जुन्या वळणाच्या, मिनतीच्या पेल्याला वेगळी फळी ठेवणाऱ्या. त्यांचा हात कुठे जाईल हे कुणालाच माहीत नव्हते.

अकराला पाच मिनिटे असताना मिनतीने त्यांची खुर्ची माझ्यात ढकलली. दार लागले. मला सुचले ते इतके सोपे होते, की मलाच नवल वाटले. या खाली पोचल्याच नाहीत, तर छत्तीस होणारच नाहीत. मित्रांनो, मी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबले. अगदी शांतपणे थांबले.

मिनतीने बटणे दाबली. घंटेचे बटण दाबले. खाली बैठक सुरू झाली होती आणि तिथल्या गलक्यात घंटा कुणाला ऐकू जाते? पण खालचा आवाज माझ्या बोगद्यातून वर मात्र अगदी स्वच्छ येतो. आम्ही तिघी ऐकू लागलो.

"मी कुणाच्याही विरोधात नाही," उदयबाबू बोलत होते. "पण त्यांना वेगळी लिफ्ट दिलेली आहे ना? चालू आहे ना? मग आणखी काय पाहिजे? घाम असतो, बादल्या असतात, कचरा असतो. स्वच्छतेचा प्रश्न आहे."

मासिमांच्या खुर्चीच्या दांड्यांवर मिनतीची बोटे आवळली.

मग अनुराधाचा आवाज आला. ती बंगालीत बोलत होती, अडखळत, मध्येच हिंदीचा आधार घेत. "माझा गणपती मागच्या लिफ्टमधून आला. कचऱ्याच्या बादलीशेजारून आला. पाट निसटत होता तेव्हा मिनतीनं खालून हात लावला, म्हणून तो फुटला नाही. त्याचे मोदक तुम्ही सगळ्यांनी खाल्लेत. उदयबाबू, तुम्ही पाच खाल्लेत. तेव्हा कुणी स्वच्छतेचं विचारलं नाही."

कुणीतरी हसले. मग दोन्ही तट एकदम बोलू लागले आणि काही कळेनासे झाले.

वर, अंधुक उजेडात, मासिमांनी मान वळवली. "काय गं, तुला तो आरसा हवाय का? एवढी धडपड चाललीय ती."

"आरसा काय करायचाय, मासिमा," मिनती म्हणाली. ती माझ्या भिंतीला टेकलीही नव्हती. "ही मध्येच बसली की मला नऊ मजले चढायला लागू नयेत, एवढंच. आणि त्या दिवसासारखं कुणी दार धरून उभं राहू नये. शिवी दिली असती तर मीही दिली असती. ते नुसते उभे होते."

मासिमांनी तिच्या गुडघ्याकडे बघितले.

"हिच्यावर जीव होता माझा," मिनती पुढे म्हणाली आणि तिने तळवा माझ्यावर आपटला. थोपटला नाही, आपटला. "लक्ष्मी म्हणायची मी हिला. पण हिचा काय भरवसा? आताही बघा. माझ्या पोटावर पाय येतोय, आणि ही बसलीय."

मित्रांनो, मला ओरखड्यांची सवय आहे. पण हा आतपर्यंत गेला. मी आजवर समजत होते, की मिनतीला माझ्यापासून तोडणारा तो ठराव. पण ठरावाला तिला ज्याच्यापासून वाचवायचे होते, त्यात मीही होते. तिचा गुडघा माझ्या रुसव्याने सुजला होता. ती जाऊबाईंकडे हौसेने गेली नव्हती, मी तिला टाकले म्हणून गेली होती.

मी खाली आले. इतक्या घाईने आणि इतकी अलगद मी आयुष्यात कधी उतरले नव्हते.

दार उघडले तेव्हा समोर हात वर होते आणि श्यामसुंदरबाबू मोठ्याने मोजत होते. "तेहेतीस... चौतीस... पस्तीस." ते थांबले. त्यांनी इकडेतिकडे बघितले. अनुराधाचा चेहरा पडला. मिनती खुर्ची ढकलत सभागृहाच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथे आपोआप थांबली. तिला कुणी अडवले नव्हते. बैठकीत कामाच्या माणसांनी जायचे नाही, हे तिच्या पायांनाच माहीत होते. अनुराधा धावत आली आणि तिने खुर्ची आत घेतली. मिनती मागे येऊन माझ्या दारात उभी राहिली.

"मोजणी झाली, मासिमा," उदयबाबू अदबीने म्हणाले. "उशीर झाला तुम्हाला."

"उशीर मी नाही केला, तुमच्या मागच्या लिफ्टनं केला," मासिमा म्हणाल्या. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझी खुर्ची पुढच्या लिफ्टमध्ये मावत नाही. वर्षभर मी नोकर आणि सामानाच्या वाटेनं येते-जाते. पाटी रोज वाचते. त्यातली मी कोण, ते मला कुणी सांगितलं नाही. अकरा दिवस ती बंद होती, तर तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही, म्हातारी कशी उतरत असेल."

अनुराधाने त्यांची खुर्ची आणखी पुढे घेतली.

"आमच्या बागबाजारच्या घराला मागे लोखंडी गोल जिना होता. झाडूवाल्यासाठी. त्याला मी कधी बोट लावलं नाही, लावू दिलं नाही. आता तोच जिना माझ्या वाट्याला आलाय." त्यांनी हात वर केला. दुसऱ्या हाताने त्यांनी तो कोपरापाशी धरला. "लिहा. छत्तीस."

श्यामसुंदरबाबूंनी लिहिले. गलका झाला, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी खुर्च्या सरकवत निघून गेले. मिनतीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्या आत आली, जमिनीवर बसली आणि पदराने कितीतरी वेळ तोंड पुसत राहिली. नियमच बदलल्यामुळे तिचा गेटपास वाचला होता.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी दार उघडून उभी राहिले. कुणी आले नाही. भिंतीपलीकडून कामावर येणाऱ्या बायकांचे हसणे ऐकू येत होते. जाऊबाई गोड आवाजात 'सहा' म्हणाल्या आणि मिनती तशाच आवाजात 'सहा' म्हणाली, मग सगळ्या पुन्हा हसल्या. मित्रांनो, मी शहाणी झाले होते खरी, पण जळायची सवय एका रविवारात जात नाही. मी चांगली जळले. उदयबाबू म्हणे त्या दिवसापासून जिन्याने जातात. तब्येतीला बरे असते, असे सांगतात.

मंगळवारी दुपारी प्रकाश पेचकस घेऊन आला. आधी माझ्या छताला त्याने पंखा लावला, तो अनुराधाने पुन्हा पुन्हा आठवण देऊन मंजूर करून घेतला होता. मग तो माझ्या पाटीपाशी गेला आणि पहिला स्क्रू फिरवू लागला. माझा जीव घाबरा झाला. माणसे गेली, आता नावही नेणार? गंजलेले स्क्रू कुरकुरत निघाले, एक, दोन, तीन, चार. पाटी त्याने काखोटीला मारली. मग त्याने भिंतीकडे बघितले आणि नखाने काहीतरी उचकटले. पाटीखाली ते पातळ निळे प्लास्टिक तसेच राहिले होते, ठाण्याच्या कारखान्यातले. त्याने ते एका ओढीत सोलून काढले, शीळ घातली आणि निघून गेला.

संध्याकाळी पाचला मिनती आली. ती येणारच होती, नाही का? मासिमांची खुर्ची जाऊबाईंमध्ये मावत नाही, आणि ते मत्सराने आंधळ्या झालेल्या माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. सातव्या मजल्यावर तिने खुर्ची आत घेतली, सवयीने भिंतीला टेकायला वळली आणि थबकली. पाटीच्या जागी, पाटीएवढाच, लखलखीत पत्रा होता. ओरखडा नाही, डाग नाही. आणि त्यात मिनती होती.

"थांबा हं, मासिमा," ती म्हणाली. तिने कपाळावरची सरकलेली टिकली नीट लावली. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग एक वेडेवाकडे तोंड केले.

"काय आहे तिथे? मला बसून दिसत नाही," मासिमा कुरकुरल्या.

मिनतीने त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना क्षणभर उभे केले. त्या चौकोनात दोन चेहरे गालाला गाल लावून मावले. मासिमा कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग मिनतीने त्यांना बसवले, माझ्या भिंतीवर तळवा ठेवला आणि हळूच थोपटले. "चल गो, लक्ष्मी."

एकाच पत्र्यातून कापल्यात दोघी, असे ते म्हातारे मिस्त्री म्हणाले होते. मी ते विसरले होते, आणि अठरा वर्षे त्या पाटीलाच माझे नाव समजत होते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या इमारतीतही मागच्या बाजूला माझ्यासारखी एखादी असेल. तिला वेळेवर तेल द्या, तिचे बटण दहा वेळा दाबू नका, तिच्यातून येणाऱ्या माणसाला नावाने हाक मारा. आणि तिच्या अंगावर एखादी पाटी असेल, तर मोठ्या माणसांकडून एकदा पेचकस मागून घ्या. स्क्रू चारच असतात.